एकशे अठरा नावांची खुर्ची

“गाणं विसरायचं कसं, मास्तर?”

दस्तगीर मास्तरांनी हातातली वेताची पट्टी खुर्चीच्या भोकातून ओढून घेतली, ती घट्ट राहावी म्हणून भोकात खुंटी ठोकली आणि मगच मान वर केली.

“कंचं गानं?”

“एकशे अठरा नावांचं. काकांनी रचलेलं.”

“चांगलं हाय?”

“पाठ आहे.”

“मी चांगलं हाय का इचारलं.”

विचारणारी राजमती. काका म्हणजे मी.

मिरजेतल्या आमच्या अंधशाळेत खुर्च्या विणायची एक लांबट खोली आहे. तिथे दस्तगीर मास्तर चाळीस वर्षं बसतात. स्वतः जन्मांध. कोर्टातल्या, दवाखान्यातल्या, न्हाव्याच्या दुकानातल्या बैठक फाटलेल्या खुर्च्या त्यांच्याकडे येतात आणि धड होऊन परत जातात.

मी पोस्टात सॉर्टिंगला होतो. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी इथल्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवतो. राजमती चौगुले ही माझी सगळ्यांत हुशार श्रोती. दहावीला पंच्याऐंशी टक्के, आणि तिखटपणा त्याहून दहा टक्के जास्त. तिलाही जन्मापासून दिसत नाही.

तिला अकरावी सायन्सला जायचं होतं. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलेलं नाही. गाणं, टेलिफोन, खुर्च्या, नाहीतर कला शाखा… या चार वाटा. राजमतीला पाचवी हवी होती.

“काय झालं ते सांग,” मास्तर म्हणाले.

“कॉलेजात गेले होते. रसायनशास्त्राचे इनामदार सर म्हणाले, दिसत नाही तर मूलद्रव्यांचा तक्ता कसा येणार? मी म्हटलं, पाठ आहे. आणि म्हणून दाखवला. एक मिनिट दहा सेकंदांत.”

“मग?”

“त्यांनी विचारलं, क्लोरीनच्या खाली कोण?”

“मग?”

“…मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.”

मास्तर हसले नाहीत. मला मात्र तिथे, कॉलेजच्या त्या खोलीत, जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. कारण गाण्यात क्लोरीनच्या पुढे कोण ते होतं. खाली कोण, ते गाण्यात नव्हतंच. पोरगी तीनदा पहिल्यापासून म्हणाली आणि तिन्ही वेळा क्लोरीनपाशी येऊन थांबली.

“सर म्हणाले, हे पाठ आहे, येत नाही. सोमवारी शेवटची तारीख आहे. तोवर आलं तर ये, नाहीतर कला शाखेचा फॉर्म भर.”

“आज काय वार?”

“गुरुवार.”

मास्तरांनी पाण्याच्या हौदात हात घालून भिजत पडलेले वेत चाचपले. मला वाटलं ते दिवस मोजत असतील. ते वेत मऊ झालेत का ते बघत होते.

“आता काहीही विचारलं की आधी गाणं सुरू होतं,” राजमती म्हणाली. “मधेच येतंय. म्हणून विचारलं, विसरायचं कसं.”

“ही नावं तरी कसली म्हनायची?”

“मूलद्रव्यांची. जगात जे काही आहे ते या एकशे अठरांचंच बनलंय.”

“हे पानी?”

“हायड्रोजन आणि ऑक्सिजन.”

“हा वेत?”

“तेच दोन, आणि कार्बन. बाकी थोडंथोडं.”

“खिळ्यांचा डबा?”

“लोखंड. वर कथील असेल.”

“आन् मी?”

“तुम्हीपण तेच. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन. हाडांत कॅल्शियम.”

“बरं झालं सांगितलंस. मला वाटत हुतं निस्ता चहाच हाय.”

राजमती हसली. कॉलेजातून आल्यापासून पहिल्यांदा.

“ही समदी एकाच रांगेत हुबी हाईत?”

“नाही. तक्ता आहे. सात आडव्या रांगा, त्यांना आवर्तं म्हणतात. अठरा उभे रकाने, ते गण. एका गणातली एकमेकांसारखी वागतात.”

“आन् गानं कुठनं कुठं जातं?”

“म्हणजे?”

“हुबं का आडवं?”

“आडवं,” ती म्हणाली.

माझे कान तापले. पुस्तकातला तक्ता तिला मीच वाचून दाखवला होता. डोळस माणूस वाचतो तसा, डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की दुसरी. तीस वर्षं ज्यानं पत्रं उभ्या-आडव्या कप्प्यांत टाकली त्या शहाण्यानं हा सगळा तक्ता एका दोरीत ओवला, आणि वर गोंधळाच्या चालीवर यमकं जुळवली.

*हायड्रोजन थोरला, हेलियम धाकला,*
*लिथियम-बेरिलियम, बोरॉन वाकला,*
*कार्बनच्या घरी नायट्रोजन आला,*
*ऑक्सिजन-फ्लोरीन, निऑन झोपी गेला…*

स्नेहसंमेलनात राजमतीनं हे एकशे अठरापर्यंत म्हटलं तेव्हा टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला होता. पाहुण्यांनी तिला शाल दिली. मला नारळ. मास्तर त्या दिवशी तापानं घरी होते.

“म्हणून दाखवू?” राजमतीनं विचारलं.

“नको.”

“तुम्ही ऐकलंच नाहीये.”

“नको म्हटलं न्हवं?”

मला राग आला. खोटं कशाला सांगू? ज्या गाण्यानं पोरगीचं वाटोळं झालं त्याच गाण्याची बाजू घेऊन माझं मन फुरंगटून बसलं. कवीची जात वाईट.

मास्तर उठले. भिंत चाचपत कोपऱ्यापर्यंत गेले आणि खुंटीवर टांगलेली एक लहान मुलांची खुर्ची काढून आणली. राजमतीच्या पुढ्यात ठेवली.

“वळखलीस?”

तिनं बैठकीवर हात ठेवला. लगेच काढला.

“माझी आहे.”

आता ही गोष्ट सांगायला हवी. मास्तरांची एक रीत आहे. मुलाची पहिली खुर्ची विणून झाली की मास्तर त्यावर स्वतः बसतात. बाकी परीक्षा नाही, मार्क नाहीत. मास्तर बसले की पास. बसताना “हां” म्हणतात, तेवढंच प्रशस्तिपत्र.

राजमतीनं आपली पहिली खुर्ची पाचवीत असताना विणली. बाकीची मुलं एकेक पट्टी कापत, प्रत्येकीला दोन्ही टोकांना खुंटी मारत, खाली गाठी बांधत आठ-आठ दिवस बसली. राजमतीनं डोकं चालवलं. सगळ्या पट्ट्या आधीच टोकाला टोक जोडून एक लांबलचक वेत केला, तो सगळ्या भोकांतून आडवा फिरवला, कोपऱ्यावर वळवला आणि तसाच उभा गुंफत नेला. मधे ना खुंटी, ना गाठ. दीड दिवसात खुर्ची तयार. वरून बघायला इतकी सुरेख की वर्गाच्या बाईंनी ती ऑफिसात नेऊन दाखवली.

मास्तरांनी बैठकीवरून एकदा बोटं फिरवली, खालून फिरवली. आणि न बसता खुर्ची खुंटीला टांगली.

सहा वर्षं झाली. राजमतीनं त्यानंतर वीस-बावीस खुर्च्या विणल्या, सगळ्या रीतीप्रमाणे. पण त्या पहिलीचं शल्य तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. मला दहादा तरी ऐकवलं असेल.

“कात्री घे,” मास्तर म्हणाले. त्यांची कात्री कमरेला सुतळीनं बांधलेली असते. ती त्यांनी सोडून दिली.

“काय करू?”

“काप.”

“कुठे?”

“कुठंबी. एकाच जागी.”

“मास्तर, माझी पहिली खुर्ची आहे ती.”

“म्हनून तर तुलाच सांगतोय.”

तिची बोटं बैठकीवर खूप वेळ फिरली. मग एका जागी थांबली. कट्कन आवाज झाला.

मास्तरांनी त्या जागी तळहात टेकवला आणि अंगाचा भार टाकला. वेत सरसरत भोकाभोकांतून सुटत गेला, या कडेकडून त्या कडेला, आणि मास्तरांचा हात खुर्चीतून आरपार जाऊन फरशीला लागला.

“…क्लोरीन,” राजमती म्हणाली.

“वेत भिजत घाल,” मास्तर म्हणाले.

*

शुक्रवारी सकाळी मी गेलो तेव्हा त्याच खुर्चीत तक्ता कसा विणायचा यावरून ती दोघं भांडत होती.

“पुढच्या कडेला बावीस भोकं आहेत. गण अठरा.”

“दोन हिकडची सोड, दोन तिकडची. काठ म्हनून.”

“बाजूच्या कडेला सोळा आहेत. रांगा सात.”

“सातांस्नी नावं दे. बाकीच्या बिननावाच्या.”

“बिननावाच्या कशाला?”

“बसनाऱ्याचं ढुंगन नावं इचारत न्हाई.”

“पहिल्या रांगेत दोनच आहेत, हायड्रोजन एका टोकाला, हेलियम दुसऱ्या. मधली सोळा घरं रिकामी.”

“वेत तितनंबी जाऊ दे. नाव देऊ नको, झालं.”

“आणि तक्त्याच्या खाली दोन रांगा वेगळ्या लटकवल्यात. त्या कुठे घालू?”

मास्तरांनी खुर्ची उलटी केली आणि तिचा हात खालच्या बाजूला नेला, जिथे पट्ट्यांची टोकं गाठी मारून संपवतात.

“खुर्चीला खालची बाजू असती का न्हाई?”

अशी ती सुरू झाली. उभी पट्टी लावायची, वरच्या भोकात खुंटी, खालच्या भोकात खुंटी, कापायची. मग पुढची. मास्तर शेजारी बसून कोर्टाची खुर्ची विणत, आणि प्रत्येक उभ्या पट्टीला विचारत.

“हे कुनाचं घर?”

“पहिला गण. लिथियम, सोडियम, पोटॅशियम… हे पाण्यात टाकले की भडकतात. जितके खालचे तितके जास्त.”

“तापट मानसं. पुढं?”

“दुसरा. मॅग्नेशियम, कॅल्शियम… हेही तसेच, पण जरा समजूतदार.”

“आन् ते पार कडंचं?”

“अठरावा. हेलियम, निऑन, अरगॉन. हे कुणाशी संबंधच ठेवत नाहीत.”

“माझा थोरला मेव्हना असाच हाय. लग्नाला येतो, जेवतो, जातो.”

मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलो होतो, चुकलं तर सांगायला. माझ्यावर सांगायची वेळ फारशी येत नव्हती. मला कळेना की मास्तर शिकवतायत की शिकतायत. म्हाताऱ्याचं कुतूहल बघण्यासारखं होतं. दर दोन पट्ट्यांमागे तो काहीतरी विचारायचा. शिसं कुठं राहतं? गंधक? पारा धातू आहे म्हणता, मग वाहतो कसा? तांब्याच्या खाली चांदी आणि चांदीच्या खाली सोनं हे ऐकल्यावर मास्तरांनी काम थांबवलं.

“एकाच घरात?”

“हो. अकराव्या गणात.”

“मजा हाय. सोनाराला ठावं हाय का हे?”

दुपारी ती सतराव्या पट्टीवर आली.

“फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन.”

“आयोडीन म्हंजे खरचटल्यावर लावत्यात त्येच? झोंबतं त्ये?”

“हो. जखमेतले जंतू मरतात.”

“आन् क्लोरीन? त्ये तर नगरपालिकावाले टाकीत टाकत्यात. पान्याला वास मारतोय.”

“हो. पाण्यातले जंतू…”

राजमती मधेच थांबली. पट्टी तिच्या हातात तशीच राहिली.

“दोघंबी एकाच कामावर हाईत म्हना की,” मास्तर म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडे वळले.

“काका,” ती हळूच म्हणाली, “एका गणातली सारखी वागतात हे तुम्ही मला वाचून दाखवलं होतं ना?”

“दाखवलं होतं.”

“परीक्षेत लिहिलंपण होतं मी. दोन मार्कांना.”

“पैकीच्या पैकी मिळाले होते.”

“पण मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

मी पुस्तक मिटलं. दीड वर्ष मी या पोरीला वाचून दाखवत होतो. माझ्यापेक्षा तो म्हातारा तिचा मास्तर जास्त, हे मला त्या घडीला कबूल करावं लागलं. वाईट वाटलं. बरंही वाटलं.

शनिवारी आडव्या पट्ट्या सुरू झाल्या. एक वरून, एक खालून. जिथे आडवी उभीला भेटे तिथे ती अंगठा टेकवून नाव घेई. उभ्यातून एकदा, आडव्यातून एकदा. दुपारी ती वैतागली.

“गाणं अजून येतंय, मास्तर. बोट क्लोरीनवर असतं आणि डोक्यात ‘निऑन झोपी गेला’ चालू असतं.”

“येऊ दे की.”

“तुम्ही विसरायला शिकवणार होता.”

“म्या कवा म्हटलं?”

“…तसं नव्हतं म्हटलं तुम्ही.”

“पाव्हना आलाय. च्या पिऊन जाईल. तू तुझं काम कर.”

रविवारी संध्याकाळी शेवटची गाठ बसली. राजमतीनं खुर्ची उचलून मास्तरांच्या पायाशी ठेवली आणि उभी राहिली. कशाची वाट बघत होती ते मला कळत होतं. मास्तरांनाही कळलं असणारच. त्यांनी बैठकीवरून बोटं फिरवली, खालून फिरवली.

“उद्या,” ते म्हणाले.

*

सोमवारी रिक्षातून आम्ही तिघं गेलो. मी, राजमती आणि तिच्या मांडीवर ती खुर्ची.

इनामदार सर वाईट माणूस नव्हे. पण ज्याची खात्री झालेली असते अशा माणसाशी बोलणं कठीण. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

“हे काय?”

“माझा तक्ता,” राजमती म्हणाली.

“परीक्षेला तक्ता चालत नाही. बाहेर ठेव.”

मी उसळून काही बोलणार होतो. राजमतीनं माझा दंड दाबला आणि खुर्ची माझ्या हातात दिली. मी दारातच उभा राहिलो, खुर्ची पोटाशी धरून. आत ती एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली. दोन्ही हात मांडीवर पालथे.

“हं. क्लोरीनच्या खाली?”

“ब्रोमीन.”

“त्याच्या खाली?”

“आयोडीन.”

“कॅल्शियमच्या डाव्या हाताला?”

“पोटॅशियम. पाण्याजवळ ठेवायचं नाही.”

“ते मी विचारलं नाही.”

“सांगून ठेवलं, सर.”

सर थोडे सावरून बसले. प्रश्न भराभर यायला लागले. मॅग्नेशियमच्या वर? तांब्याच्या खाली? झेनॉनच्या डावीकडे? राजमतीची बोटं मांडीवर हलत होती, कुठे वर सरकत, कुठे बाजूला. गाण्याचा एक सूर नाही.

“सिलिकॉनच्या खाली?”

बोट एक घर खाली आलं. थांबलं.

“सिलिकॉनच्या खाली कोण?”

“आठवत नाही, सर.”

सरांनी पेन उचललं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

“पण घर माहीत आहे,” राजमती म्हणाली.

“म्हणजे?”

“वर सिलिकॉन आहे. खाली कथील. डावीकडे गॅलियम, उजवीकडे अर्सेनिक. वरचा धातू नाही, खालचा धातू आहे. म्हणजे हा मधला धड धातू नाही, धड अधातूही नाही. धातुसदृश. कार्बनसारखे चार हात असणार. सिलिकॉनपेक्षा जड, कथिलापेक्षा हलका. चमकत असेल, पण ठोकला तर पत्र्यासारखा पसरणार नाही, फुटेल. फक्त नाव…”

सर तिच्याकडे बघत राहिले. नंतर तिच्या हातांकडे. ती बोटं अजून त्या एका जागेभोवती फिरत होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

“जर्मेनियम,” सर म्हणाले. त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

“जर्मेनियम,” तिनं म्हटलं आणि अंगठा मांडीवर टेकवला.

सरांनी फॉर्म ओढून घेतला. सही करायच्या आधी एकदा विचारलं, “प्रयोगशाळेत कसं करशील?”

“माहीत नाही, सर. बघू आपण.”

‘आपण’ ऐकून सर हसले असं मला वाटलं. मला नीट दिसलं नाही. डोळ्यांत पाणी आलं की डोळस माणसाचा काही उपयोग नसतो.

*

खोलीत शिरल्या शिरल्या मास्तरांनी पावलांवरून आम्हाला ओळखलं.

“काय झालं?”

प्रवेश मिळाला, हे सांगायला मी तोंड उघडलं. राजमती माझ्या आधी बोलली.

“एक नाव विसरले.”

“कंचं?”

“जर्मेनियम. चौदावी उभी, चौथी आडवी.”

“बाकी?”

“बाकी सही झाली.”

मास्तरांनी मान हलवली. शाळेच्या इतिहासात पहिली मुलगी सायन्सला गेली, आणि हा म्हातारा नुसती मान हलवतो! मला त्याच्या पायाही पडावंसं वाटत होतं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

“खुर्ची हिकडं आन.”

तिनं ठेवली.

“ते इसरलेलं घर दाव.”

तिनं त्यांचं बोट धरलं आणि बैठकीवर नेलं. वरून मोजत, बाजूनं मोजत, एका जागी टेकवलं.

मास्तरांनी कमरेची कात्री काढली.

“मास्तर!”

कट्.

उभी पट्टी तुटली. राजमतीचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले आणि बैठकीच्या कडेवर थबकले. वेत सरसरायचा आवाज येईल म्हणून मीही श्वास धरला.

काहीच सुटलं नाही. दोन टोकं जिथल्या तिथे राहिली, शेजारच्या पट्ट्यांनी धरून ठेवलेली.

मास्तर वळले. हातानं खुर्चीचा अंदाज घेतला, गुडघे वाकवले, आणि लहान मुलाच्या त्या खुर्चीवर आपलं सत्तर वर्षांचं शरीर हळूहळू पूर्ण टेकवलं. वेत करकरला.

खुर्ची राहिली.

राजमती खाली फरशीवर बसली. तिचा हात खुर्चीच्या पायावर होता. सहा वर्षांचं काहीतरी तिच्या गालांवरून ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मास्तरांनी पाठ टेकवली, पाय लांब केले.

“हां…” ते म्हणाले. “आता म्हन तुझं गानं. पयल्यापासनं.”